उजवीकडचे तीन अष्टमांश

सातारा
२७ सप्टेंबर १९९९

चि. सौ. उमा हिस
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सासूबाईंचं मांडीचं हाड जुळायला अजून दोन महिने लागतील हे वाचून काळजी वाटली. त्यांना तशा अवस्थेत सोडून तू वर्षश्राद्धाला येऊ शकणार नाहीस, हे मला समजतं. मनाला लावून घेऊ नकोस. तिथी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी येते. गुरुजींना सांगून ठेवलं आहे.

फोन का लागत नाही असं तू विचारलंस. आपला सौमित्र गेल्याची बातमी त्याच फोनवर आली. तो वाजला की ही हातातलं टाकून आतल्या खोलीत जाऊन बसायची. म्हणून मी तो बंदच करून घेतला. पत्र बरं. लिहायला वेळ लागतो, आणि तेवढा माझ्याकडे आहे.

आता कामाचं लिहितो. पोलिसांनी त्याची बॅग दिली तेव्हापासून ती माळ्यावर होती. अकरा महिने मी तिला हात लावला नाही. परवा हिनं स्टूल लावून ती स्वतः खाली काढली. आत त्याचा लॅपटॉप आहे. घाटात मोटारसायकल पडली तेव्हा त्याचा पडदा आतून तडकला. चालू केला तर हिरवा दिवा लागतो, पण पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो, बाकी काही नाही. बोटानं बाण हलवायची चौकोनी जागाही निकामी झाली आहे. बॅगेतच पिवळ्या टोकाची एक वायर होती. ती टीव्हीला लावायची असते, एवढं मला माहीत होतं.

पोवई नाक्यावरच्या तानाजीला बोलावलं. आपला टीव्ही तोच दुरुस्त करतो. त्यानं वायर जोडून लॅपटॉप चालू केला, आणि कुणी काही न करता टीव्हीवर फोटो यायला लागले. एकामागून एक, आपोआप. गेल्या दिवाळीतले आहेत. कंपनीतून त्यानं बिनफिल्मचा कॅमेरा आणला होता, तुला आठवत असेल.

पण फोटो पुरे येत नाहीत. उजवी बाजू कापलेली, खालची बाजूही कापलेली. कुणालाच पाय नाहीत. ही म्हणाली, माणसांना पाय तरी दिसू देत. तानाजीनं टीव्ही मागून उघडून पाहिला आणि म्हणाला, की आवं काका, टीव्ही ठणठणीत हाय. पाठवणारा लय मोठं चित्र पाठवतोय आन् आपलं भांडं ल्हान, मग सांडणारच की.

ज्ञानदा काँप्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला विचार. तिनं येण्याची गरज नाही, परीक्षा जवळ आली आहे. लिहून कळवलं तर मी करीन. वर्षश्राद्धाच्या आधी सगळे फोटो एकदा पुरे पाहायचे, एवढीच हिची इच्छा आहे. वर्षात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट आहे.

तुझ्या घरी सर्वांना नमस्कार. आहे ती माया तशीच असू दे.

तुझा
हरी


सांगली
४ ऑक्टोबर १९९९

ती. दादास
शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्राच्या माथ्यावर श्री नव्हता. आप्पा गेले तेव्हा आईनंही वर्षभर लिहिला नव्हता. म्हणून मीही आज लिहिलेला नाही.

सासूबाई पडल्या पडल्या सगळ्या घराला कामाला लावतात, त्यावरून त्या बऱ्या होत आहेत असं म्हणायचं. हे बागेच्या छाटणीसाठी तासगावला असतात, आठवड्यातून एकदा कपडे धुवायला टाकायला घरी येतात. ज्ञानदा अभ्यास करते असं ती सांगते.

लॅपटॉप सुधारायचा, पण ज्ञानदाला येऊ द्यायचं नाही, हे फक्त तुलाच सुचू शकतं. लहानपणी माझ्या सायकलची चेन उतरली असती तर तीही तू पत्रानं बसवायला सांगितली असतीस. पण पोरगी तयार आहे. तिचं पत्र निराळं येईल.

वहिनी नीट जेवते का? तू जेवतोस का हे विचारत नाही, कारण तू हो असंच लिहिशील.

दादा, एक विचारते. हे फोटो त्यानं त्याच दिवाळीत तुम्हाला दाखवले नव्हते का? भाऊबिजेला मी आणि ज्ञानदा दुपारच्या गाडीनं निघालो, तेव्हा तो टीव्हीच्या मागे वाकून काहीतरी बघत होता. मला म्हणाला, आत्या, आजचा दिवस थांब की, संध्याकाळी गंमत आहे. मी म्हटलं, तुझी गंमत पुढच्या खेपेला. मी थांबले नाही. हे वर्षभर डोक्यातून जात नाही.

वहिनीला नमस्कार. बहिणीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
उमा


सांगली
५ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस
शि. सा. नमस्कार.

आईनं तुमचं पत्र दिलं. मला काय होत असेल याचा अंदाज आहे, पण न बघता सांगायचं म्हणजे नाडी न धरता औषध देण्यासारखं आहे. म्हणून आधी दोन गोष्टी कळवा. सगळे फोटो सारखेच कापले जातात का? आणि ज्याची पूर्ण लांबीरुंदी आपल्याला माहीत आहे अशा वस्तूचा एखादा फोटो त्यात आहे का? असला तर त्यातलं किती दिसतं?

उत्तर मोजमापासह आलं तरी चालेल. तुम्ही भूकरमापक होतात हे मी विसरलेले नाही. मी सहावीत असताना तुम्ही आमच्या अंगणाची मोजणी करून आईची तगर चार इंच शेजाऱ्यांच्या हद्दीत आहे हे सिद्ध केलं होतं. त्यावरून आईनं दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

मला यायला काहीच अडचण नाही. सौमित्रदादाची वस्तू आहे, मला हात लावायला आवडेल. पण तुम्ही म्हणाल तसं.

मामीला सांगा, की पाय दिसतील.

तुमच्या लाडाची हक्कदार
ज्ञानदा


सातारा
१२ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदा हिस
अनेक आशीर्वाद.

तू विचारल्याप्रमाणे पाहणी केली. फोटो एकूण एकेचाळीस आहेत. प्रत्येक आठ सेकंद थांबतो. टीव्हीच्या काचेवर पट्टी धरून टिपणं काढली. सगळे सारखेच कापले आहेत. वरची आणि डावी कड शाबूत, उजवी आणि खालची गेलेली.

फोटो क्रमांक नऊ बैठकीच्या खिडकीचा आहे, मधे आकाशकंदील. त्यानं खिडकीची चौकट बरोबर फोटोच्या कडेला धरून घेतला असावा, कारण डावी आणि वरची चौकट अगदी कडेला लागून आहे. खिडकीला आठ गज आहेत. टीव्हीवर पाच दिसतात.

क्रमांक सतरामध्ये तुझी मामी पाटावर बसली आहे. शेजारी सौमित्र उभा आहे. त्याचा एक हात मामीच्या खांद्यावर, दुसरा उजवीकडे लांब गेलेला. कोपराशी फोटो संपतो. हात कशावर आहे ते कळत नाही. मामी रोज तो फोटो आला की पुढे सरकून बसते.

एकेचाळीस फोटोंत तुझी मामी चोवीस वेळा आहे. तू अकरा, तुझी आई सात, सौमित्र स्वतः नऊ. मी एकाही फोटोत नाही. ही फक्त नोंद आहे.

एक सांगून ठेवतो. त्याच्या यंत्रात काही बदलावं लागणार असेल तर नको. त्यानं ठेवलं आहे तसं राहू दे. टीव्हीत काही बदलता आलं तर कळव.

अभ्यास चालू ठेव. मामावरचा लोभ राहू दे.

तुझा
हरीमामा


सांगली
१६ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस
शि. सा. नमस्कार.

आठातले पाच गज! मामा, तुम्ही तिथं बसून रोग सांगितलात. आता मी फक्त त्याचं नाव सांगते.

तुम्ही नकाशे काढायचात, म्हणून तसंच लिहिते. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. आडवे किती आणि उभे किती ठिपके, हे लॅपटॉपमध्ये ठरवून दिलेलं असतं, त्याला रेझोल्यूशन म्हणतात. दादाच्या पडद्यावर आडवे एक हजार चोवीस आणि उभे सातशे अडुसष्ट होते. टीव्हीत जागा आहे आडव्या सहाशे चाळीस आणि उभ्या चारशे ऐंशी ठिपक्यांची. मोठ्या कागदावरचा नकाशा लहान पाटीवर ठेवावा तसं झालं आहे. डावा वरचा कोपरा जुळवला, की उजवीकडचं आणि खालचं पाटीबाहेर लोंबतं. सहाशे चाळीसला एक हजार चोवीसनं भागून बघा. बरोबर पाच अष्टमांश येतात. तुमचा तानाजी भांड्याचं म्हणाला ते शंभर टक्के खरं आहे, त्याला आमच्या कॉलेजात शिकवायला पाठवा.

म्हणजे फोटो कापलेले नाहीत. दादानं काही कापलेलं नाही. उजवीकडचे तीन भाग तिथंच आहेत, फक्त टीव्ही ते दाखवत नाही.

टीव्हीत मात्र काही बदलता येणार नाही. लॅपटॉपला सांगावं लागेल, की लहान कागदावर काढ. म्हणजे तो अख्खं चित्र त्या मापात बसवेल. दादाचं काहीही पुसलं जाणार नाही. पडद्यावरची छोटी चित्रं जरा इकडची तिकडे सरकतील, खोलीतली खुर्ची सरकवावी तेवढंच. टीव्हीला जोडल्यावर दादा स्वतः हेच करणार होता. फोटो आपोआप सुरू होतील अशी सोय त्यानं करून ठेवली आहे, त्याअर्थी तयारी झालीच होती. हे एवढं राहून गेलं.

कुठल्या कळा कुठल्या क्रमानं दाबायच्या ते निराळ्या कागदावर लिहिलं आहे. बाण लागणार नाही. शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. माप बदललं की लॅपटॉप विचारतो, हे असंच ठेवू का? त्याला ‘वाय’ची कळ दाबून होय म्हणायचं. तो पंधरा सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा जुनं माप लावतो. मुद्दामच तसं केलेलं असतं. पण पंधरा सेकंद पुष्कळ होतात, घाबरू नका.

मामीला नमस्कार. भाचीची आठवण ठेवा.

तुमची
ज्ञानदा


सातारा
२४ ऑक्टोबर १९९९

चि. ज्ञानदा हिस
अनेक आशीर्वाद.

भागाकार करून पाहिला. बरोबर आहे.

तुझ्या कागदाप्रमाणे केलं. दोन वेळा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. अक्षरं मोठी झाली आणि प्रश्न आला. ‘वाय’ दाबलं, पण ती कळ चालत नाही. पुन्हा जुनं माप लागलं. नंतरही दोनदा करून पाहिलं.

तू कष्ट घेतलेस. यंत्राला मार लागलेला आहे, त्याला इलाज नाही. तू आता अभ्यासात लक्ष घाल.

लोभ आहे, तो ठेव.

तुझा
हरीमामा


सांगली
२७ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस
शि. सा. नमस्कार.

बाकी सगळ्या कळा चालतात आणि एकटी ‘वाय’ चालत नाही, हे विचित्र आहे. कळेच्या फटीत काही गेलं आहे का? धूळ, कचरा? लॅपटॉप बंद करून उलटा धरा आणि मागून हलके थोपटा. तेही नाही जमलं तर ‘वाय’ नकोच. प्रश्न आला की डावा बाण आणि एंटर, एवढंच दाबा. तेच उत्तर जातं.

मामा, हे होणार. आठातले सात गज तुम्ही ओलांडलेत.

तुमच्या पत्राची वाट बघते. मनात जागा असू द्या.

तुमची
ज्ञानदा


सातारा
२ नोव्हेंबर १९९९

सौ. उमावन्सं यांस
तुमच्या वहिनीचा सप्रेम नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही. हे लिहीत आहे ते ह्यांना माहीत नाही. पाकीट तानाजीच्या हाती पोस्टात टाकायला दिलं आहे.

आधी माझा गुन्हा सांगते. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून मांडतात. ह्यांची मोजणीची साखळी आणि पितळी पट्टी मामंजींच्या वेळेपासून मांडतो. यंदा वर्ष सरलेलं नाही, पूजा करायची नाही, हे मला कळतं. पण मनात आलं, मुलाचं हत्यार कुठलं? हे भाजीला गेले होते. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, उघडला, हळदकुंकू वाहिलं आणि अक्षता टाकल्या. हे यायच्या आत फडक्यानं पुसून जागेवर ठेवला.

मग ज्ञानदाचं पत्र आलं, की कळेच्या फटीत काही गेलं आहे का. माझ्यामुळे मुलाचे फोटो अडले असं वाटलं. मी ह्यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. लॅपटॉप वर्तमानपत्रावर पालथा धरून थोपटला, तर तांदळाचे तीन दाणे पडले. एकाला कुंकू होतं.

नंतर ह्यांनी पुन्हा कळा दाबायला घेतल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, ह्यांची पाठ माझ्याकडे. टीव्हीवर प्रश्न आला. वन्सं, ह्यांनी कळ दाबलीच नाही. ना ती, ना बाण. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मी मनात आकडे मोजत होते. पंधरा झाले आणि चित्र पुन्हा होतं तसं झालं. मग मला हाक मारून म्हणाले, नाही हो, कळ अजून चालत नाही.

म्हणजे आधीही दाबली होती की नाही, मला शंका आहे.

ह्या माणसाला खोटं बोलताना मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. भाऊबिजेच्या संध्याकाळी घरात काय झालं ते ह्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. ते मी लिहिणार नाही, त्यांनीच सांगायला हवं. तुम्ही विचारा. माझ्यापाशी ते बोलत नाहीत, मी दुखावेन म्हणून. मला दुखायचं आता काय राहिलं आहे?

माझं नाव मधे येऊ देऊ नका. पोरीला आशीर्वाद. मला विसरू नका.

तुमची
वहिनी


सांगली
४ नोव्हेंबर १९९९

ती. दादास
शि. सा. नमस्कार.

ज्ञानदाच्या पत्राला तुझं उत्तर नाही. ती रोज पोस्टमनची वाट बघते आणि अभ्यास होत नसल्याचं खापर तुझ्यावर फोडते.

तू मोजायला घेतलेली जमीन अर्धी ठेवून घरी येणारा माणूस नाहीस. तेव्हा कळेचं कारण मला पटत नाही. आधीच्या पत्रात मी तुला एक विचारलं होतं, फोटो त्याच दिवाळीत का पाहिले नाहीत. त्याचं उत्तर तू टाळलंस. भाऊबिजेच्या संध्याकाळी, मी गेल्यावर, काय झालं?

यंदा भाऊबीज करायची नाही. ओवाळणी म्हणून मला एवढं लिहून पाठव. साडी नको.

तुझ्या रागाला मी कधी भ्याले नाही. तुझ्या गप्प बसण्याला भिते. जीव लावतोस तो तसाच लाव.

तुझी
उमा


सातारा
७ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. उमा हिस
अनेक आशीर्वाद.

आज लक्ष्मीपूजन. दारात पणती नाही. शेजारच्या रंगूबाई दोन करंज्या झाकून ठेवून गेल्या. घरात बरंच शांत आहे, म्हणून लिहायला बसलो.

त्या संध्याकाळी सातची वेळ होती. मी बातम्या लावल्या होत्या. सौमित्र वायर घेऊन आला आणि म्हणाला, बाबा, अर्धा तास टीव्ही द्या, तुम्हाला आणि आईला काहीतरी दाखवायचं आहे. मी म्हटलं, बातम्या होऊ देत. तो म्हणाला, बातम्या रोज असतात. एवढ्यात त्यानं वायर लावलीच. बातम्या गेल्या आणि पडद्यावर काहीतरी अर्धवट, हलणारं आलं. तो म्हणाला, थांबा, माप बसवतो, एक मिनिट. मी म्हणालो, तुमचे खेळ तुमच्या खोलीत. माझा टीव्ही बिघडवू नकोस. काढ ती वायर.

याहून जास्त काही बोललो नाही. मारलं नाही, ओरडलोही नाही. तू मला ओळखतेस, मला ओरडता येत नाही.

तो वायर हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. राहू दे, दाखव, असं म्हणायला मला तेवढा वेळ होता. माझ्या मनातही आलं होतं. पण मी टीव्हीकडे बघत राहिलो. मग त्यानं वायर काढली, गुंडाळली आणि बॅगेत ठेवली. सकाळी मी उठायच्या आत तो पुण्याला निघाला होता. आईच्या पाया पडून गेला. नंतर फोन आला.

आता कळेचं. कळ चांगली आहे. पहिल्या दिवसापासून चांगली होती. मी ज्ञानदाला खोटं लिहिलं. हिला खोटं सांगितलं, तेही तिनं अक्षतांचा दोष स्वतःकडे घेतल्यावर. याची मला लाज वाटते.

कारण असं. एकेचाळीस फोटोंत मी नाही. पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. आधी वाटलं, बरोबर केलं त्यानं. ज्याला बघायचंच नाही त्याला कशाला घ्या. मग ज्ञानदानं गणित सांगितलं, की उजवीकडचे तीन अष्टमांश अजून आहेत. तेव्हापासून मला जेवण जात नाही. उमा, जोपर्यंत ते तीन भाग कुणी पाहिलेले नाहीत, तोपर्यंत मी त्यात असू शकतो. एकदा पाहिले आणि तिथंही नसलो, तर मग काही उरत नाही. तो प्रश्न पडद्यावर आला की माझा हात उचलत नाही.

चाळीस वर्षं मी लोकांच्या हद्दी मोजल्या. समोरचा रडो, शिव्या देवो, आकडा आहे तो लिहिला. स्वतःच्या बाबतीत जमत नाही.

हे हिला सांगायला हवं. तिथी चार दिवसांवर आली. बघतो.

तू थांबली नाहीस याचा दोष घेऊ नकोस. तू थांबली असतीस तरी मी तेच बोललो असतो. मोठ्या भावाला पदरात घे.

तुझा
हरी


॥ श्री ॥

सातारा
१३ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. उमा आणि चि. ज्ञानदा यांस
अनेक आशीर्वाद.

परवा वर्षश्राद्ध यथासांग झालं. गुरुजी वेळेवर आले. तानाजी न बोलावता सकाळपासून येऊन पाणी भरत होता. मी नको म्हटलं तर म्हणाला, काका, तुमी गप बसा, मी काय परका हाय व्हय.

आदल्या दिवशी, भाऊबिजेच्या संध्याकाळी, मी हिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं ती निवडून संपवली. मग म्हणाली, मी दारातच उभी होते. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. हात पुसून ती टीव्हीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, तुमच्यानं होत नसेल तर मी दाबते. फक्त कुठली ते दाखवा.

मी ज्ञानदाच्या कागदाप्रमाणे कळा दाबत गेलो. प्रश्न आला. मी बोट दाखवलं. तिनं विचारलं, हीच ना? मी हो म्हणालो. तिनं दाबली. इतकी जोरात, की लॅपटॉप टेबलावर हलला. माप बसलं.

मग आम्ही तो बंद करून पुन्हा चालू केला, आणि फोटो पहिल्यापासून सुरू झाले. खिडकीला आठ गज आहेत. सगळ्यांना पाय आहेत.

एकेचाळीसपैकी सव्वीस फोटोंत मी आहे. त्यानं बरेचसे फोटो कॅमेरा टीव्हीवर ठेवून घेतले असावेत, आणि माझी खुर्ची त्या बाजूनं बघितलं तर उजव्या कडेला येते. प्रत्येक वेळी मी तिथंच बसलेलो आहे. कधी पेपर, कधी चहाचा कप. एकाही फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघत नाही. चार फोटोंत चेहरा त्रासिक आहे. पण आहे.

क्रमांक सतरामधला त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे. बोटं माझ्या खांद्याला टेकली आहेत. मी पेपर वाचतो आहे. मला तेव्हा कळलं नव्हतं.

आठ सेकंदांनी तो फोटो गेला. ही म्हणाली, पुन्हा लावा. चार वेळा पाहिला. चौथ्यांदा ती म्हणाली, तुमच्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे, आणि सणाच्या दिवशी तेच घालून बसलात. मी पाहिलं, खरंच आहे. ती हसली. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ बसली.

ज्ञानदा, लॅपटॉप जुन्या मापावर परत न्यायचा असेल तर कसं करायचं तेही तू त्या कळांच्या कागदावर लिहिलं होतंस. ते करणार नाही. आता आहे तसं राहू दे. परीक्षा झाली की ये, आणि तो एक फोटो फ्लॉपीवर घेऊन सांगलीत कागदावर काढून मिळतो का बघ. हिला भिंतीवर लावायला तोच हवा आहे. सौमित्रचा एकट्याचा काढून घ्या असं गुरुजी सुचवत होते. ही नको म्हणाली.

फ्रेम करणारे काचेत बसवायला कडा कापतात. त्याला बजावून सांग, उजवी बाजू अजिबात कापायची नाही. हवी तर चौकट मोठी करू दे. मापं मी लिहून देईन.

फोन पुढच्या आठवड्यात चालू करून घेतो आहे. पण पत्र पाठवत जा. दोघींची माया आमच्यावर आहे, ती अशीच राहो.

तुमचा
हरी